सात भिंतींचे घरटे

एका राज्यात अरिमर्दन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या महालामागे एक जुनाट वड होता आणि त्या वडावर शंभर पाखरे राहत होती. दुपारी राजाचा डोळा लागला की पाखरे किलबिलत, राजा जागा होई. एके दिवशी त्याने रागाच्या भरात आज्ञा केली, आणि सूर्य मावळण्याआधी वड जमिनीवर आडवा झाला.

ती पाखरे वनातल्या करंजा नावाच्या मायाविनीने वाढवली होती. ती दरबारात आली. तिच्या ओंजळीत फुटलेली अंडी होती.

"राजा, माझी लेकरे बेघर झाली," करंजा म्हणाली. "आता तुझी होतील."

त्याच क्षणी राजाच्या सातही मुली लहानग्या करड्या पाखरांच्या रूपाने खिडकीबाहेर उडाल्या. त्यांना कुठे टेकता येईना. फांदीवर उतरू गेल्या तर फांदी दूर सरे, कौलांवर उतरू गेल्या तर कौले निखाऱ्यासारखी तापत.

"यांना विसावा कधी?" राजाने विचारले.

"सात भिंतींचे लाकडी घर बांध. लाकडाला कुऱ्हाड लागलेली नसावी. लोखंडाचा खिळा नसावा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसता कामा नये. असे घर झाले तर मुली त्यात उतरतील." एवढे बोलून ती निघून गेली.

राज्यातले सगळे कारागीर आले. कोणी सहा भिंतींचे घर केले, कोणी आठ भिंतींचे. सातांचा मेळ कुणाला बसेना. इकडे पाखरे रोज थोडी खाली उडू लागली. त्यांचे पंख थकत होते.

त्या नगरात ठकूबाई नावाची सुतारीण होती. नवरा गेल्यावर घराच्या पडवीत तीच सुतारकाम चालवी; पाळणे करी, पाट करी, दारे करी. ती राजाकडे गेली नाही, बक्षीसही तिने विचारले नाही. अंगणात उभी राहून तिने वर पाहिले. सर्वांत धाकटी शेवंती इतरांच्या मागे पडत होती. ठकूबाईने पदर खोचला.

पडवीच्या खांबावर एक सुतारपक्षी येऊन बसला.

"बाई, आपण एकाच धंद्यातले," तो म्हणाला. "नदीपलीकडे शिवणीचे एक म्हातारे झाड आहे. त्या शिवणीकडे लाकूड माग."

ठकूबाई नदी उतरून गेली. शिवणीच्या बुंध्याला हात लावून म्हणाली, "बाई गं, लाकूड हवे आहे."

"कशाला?" झाडाने विचारले.

"सात मुलींना टेकायला."

"माझ्या बुंध्याशी तीन दिवस बैस. तू कशी आहेस ते मला कळू दे."

ठकूबाई बसली. पहिल्या दिवशी तिने झाडाला आपल्या हातून बिघडलेली कामे सांगितली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या आजारपणाचे सांगितले आणि रडली. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा ती नुसतीच टेकून राहिली. संध्याकाळी वारा नसताना झाडाने एक सुकी जाड फांदी तिच्या पायाशी ठेवली.

पहिले काम झाले.

आता सात बाजू कशा आखाव्यात? सुताराचा गुण्या फक्त काटकोन आखणारा, तो इथे काय करणार? सुतारपक्षी खांबावरून म्हणाला, "मोजू नकोस, चाल. वर्तुळ काढ आणि कर्कटकाची दोन टोके पावलांसारखी टाकत जा. सातव्या पावलाला निघालीस तिथेच पोचलीस, की माप खरे."

पहिल्यांदा सातवे पाऊल पुढे गेले. तिने टोके किंचित जवळ आणली, तर पाऊल मागे राहिले. पुन्हा उघडली, पुन्हा चालली. एकविसाव्या फेरीला सातवे पाऊल अचूक पहिल्या खुणेवर पडले. ठकूबाईने ते माप फळीवर घेतले, फळ्यांच्या कडा रंध्याने तिरक्या तासल्या, खाचा पाडल्या, डिंक लावला आणि सहा भिंती काथ्याच्या दोरीने आवळून उभ्या केल्या. सहाही सांधे मिटले.

दुसरे काम झाले.

सातवी भिंत मात्र बसेना. फळी मापात असे, पण जागेवर ठेवताच बोटभर आखडे आणि फटीतून उजेड आत येई. ठकूबाईने एक फळी केली, दुसरी केली. आता एकाच फळीपुरते लाकूड शिल्लक होते.

"माझे काय चुकते?" तिने विचारले.

"तुझे काहीच नाही," सुतारपक्षी म्हणाला. "सातवी तुझ्या हातची नव्हे. वड ज्याने पाडला त्याच्या हातची."

राजाला निरोप गेला. तो एकटाच आला, पायी आला. पडवीत वाकून शिरला आणि भुशात मांडी घालून बसला.

"मला यातले काही येत नाही, ठकूबाई."

"मुलींना चालायला शिकवलेत ना महाराज? तसेच. पुढे जायचे, पण ओढायचे नाही."

राजाने रंधा धरला. तो अडखळला, उडाला, फळीवर ओरखडा उमटला. राजाच्या कपाळावर घाम आला. "ही बिघडली तर?"

"तर त्या उडत राहतील. म्हणून हळू."

राजा हळू झाला. तळहाताला फोड आले, फुटले. तासता तासता तो खाली मान घालून म्हणाला, "दुपारची झोप हवी होती मला. एवढ्यासाठी पाडला मी तो वड."

 ठकूबाईने कर्कटक त्याच्या हाती दिले आणि कडा कुठवर आणायची ते बोटाने दाखवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फळी जागेवर बसली. राजाने डिंक लावला, ठकूबाईने दोरी आवळली. घर उन्हासमोर धरून दोघांनी छपराच्या बाजूने आत डोकावले. एकाही सांध्यातून उजेडाची रेघ येत नव्हती.

एका भिंतीत वाटोळे दार कोरून, छप्पर बसवून त्यांनी घर अंगणात खांबावर चढवले. वर सहा पाखरे दिसत होती. राजाने पुन्हा मोजून पाहिले. इतक्यात सातवे कुंपणापलीकडून, जमिनीला जवळजवळ घासत आले. सहा जणी बाहेर घिरट्या घालत राहिल्या. धाकटी आत गेली, मग त्या एकेक करून शिरल्या. घरातून उबदार वाफ निघाली, आणि खांबाभोवती सात मुली उभ्या होत्या. शेवंतीला उभे राहवेना. राजाने तिला उचलले. तिने त्याचे हात पाहिले आणि फोडांवर फुंकर घातली.

फाटकातून करंजा आली. तिने घराच्या भिंतींवरून बोट फिरवले आणि सातवीवर थांबली.

"इथे ओरखडा आहे. ही कोणी केली?"

"मी," राजा म्हणाला.

करंजाचा चेहरा निवळला. "शाप फिटला, राजा. तुझ्या मुली तुझ्यापाशी राहोत." ती वळली.

"थांबा," राजा म्हणाला. "तुमची पाखरे आता कुठे आहेत?"

"जिथे फट सापडेल तिथे. भिंतींत, पुलाखाली."

"किती आहेत?"

"शंभर होती. ब्याऐंशी उरली."

राजाने शेवंतीला थोरलीच्या कडेवर दिले. तो पडवीत गेला आणि भुसा झाडून पुन्हा मांडी घालून बसला.

"ठकूबाई," तो म्हणाला, "ब्याऐंशी पाखरांना घरे हवीत. शिवणीला माझ्यासाठीही लाकूड विचाराल का? नाही, असू द्या. तीन दिवस मीच जाऊन बसतो."

त्या सात मुलींना जशी माया मिळाली, तशी ऐकणाऱ्यांना मिळो.