घोडी निवू द्या

एक होती घोडी. राजा नंतर येईल, आधी घोडी. तिचं नाव तांबडी. तिचा धनी सुभानजी, राजाचा जुना स्वार. बोलायचा कमी.

तांबडी जन्मली त्या वर्षी पाऊस नव्हता. सुभानजी कोरड्या तोंडानं झोपायचा, पण आपल्या वाटचं पाणी शिंगराला पाजायचा. नदीनं ते पाहिलं. म्हणाली, "हे शिंगरू मोठं झालं, की मनात आणेल तेव्हा मला पिऊन टाकेल. आणि परतही देईल."

सुभानजी एवढंच म्हणाला, "बरं."

आता एक ध्यानात ठेवा. पळून आलेलं घोडं तापलेलं असतं. त्याला लगेच पाणी पाजलं, तर पोटात कळ येते. ते खाली बसतं आणि मरतं. आधी फिरवायचं, निववायचं, मग पाजायचं. राजाचा पांढरा घोडा असाच घाईनं गेला होता, बरं का.

मग एकदा शेजारचा राजा फौज घेऊन आला. आपला राजा सगळं गाव घेऊन नदीकाठी पळाला. पलीकडे किल्ला होता, पण नदीला पूर आणि नावा वाहून गेलेल्या. बायका होत्या, म्हातारे होते. सुभानजीची लेक ठकी होती, कडेवर तीन महिन्यांचं बाळ.

सुभानजी सीमेवरून बारा कोस दौडत आला. तांबडीच्या अंगावर फेस.

"पाज तिला!" राजा ओरडला. "नदी पिऊ दे!"

"घोडी निवू द्या, महाराज."

"अरे, शत्रू आला!"

"दिसतोय मला. निवू द्या."

राजाला पांढरा घोडा आठवला. तो बाजूला सरला.

मग सुभानजीनं तांबडीला वाळूत एक फेरी फिरवलं. छातीवर हात ठेवला. गरम. शत्रू बाभळींपर्यंत आला.

दुसरी फेरी. एक म्हातारी कडाडली, "सुभान्या, मेल्या, घोडीचं लगीन लावतोस का? फेरे कसले घालतोस?" हात ठेवला. अजून गरम. शत्रू देवळापर्यंत आला.

ठकी रडकुंडीला आली होती. "आबा, बाळ आहे माझ्यापाशी."

"घोडी मेली तर त्याला पार कोण नेईल?"

ठकीनं डोळे पुसले. बाळ म्हातारीकडे दिलं आणि पदरानं घोडीचा घाम पुसू लागली.

तिसरी फेरी. आता बाण येऊ लागले. एक सुभानजीच्या खांद्यात रुतला. त्यानं लगाम सोडला नाही. फेरी पुरी केली. हात ठेवला.

"निवली. पी, बाई."

तांबडीनं पहिला घोट घेतला, पाणी कमरेला आलं. दुसरा घेतला, गुडघ्याला आलं. तिसरा घेतला, खाली वाळू आणि डबकी. सगळं गाव चालत पार गेलं. सर्वांत शेवटी सुभानजी, पायी. पोट भरलेल्या घोडीवर तो बसला नाही.

मागून शत्रूचे स्वार पात्रात घुसले. त्यांची घोडी तापलेली, तहानलेली. डबकी दिसली तशी त्यांनी तोंडं घातली. स्वारांनीही पिऊ दिलं. मग एकेक घोडं मटकन खाली बसलं. लढाई तिथंच संपली.

राजा म्हणाला, "सुभानजी, सोड पाणी. बुडव सगळ्यांना."

सुभानजीनं मान हलवली. काठावरून शत्रूला ओरडला, "बसू देऊ नका त्यांना! उठवा! फिरवा, मागं न्या!"

शत्रूनं ऐकलं. एकेक घोडं उठवून पलीकडच्या काठावर नेलं. शेवटचं घोडं बाहेर पडलं, तेव्हा तांबडीनं मान खाली घातली आणि नदी परत दिली. शेजारच्या राजानं पलीकडूनच मुजरा केला आणि घरी गेला. पुन्हा आला नाही.

तेव्हापासून रणात कुणी घाबरून धावाधाव करू लागला, की जुने स्वार म्हणतात, "घोडी निवू द्या." काही लोक त्याचा अर्थ सावकाश चला असा करतात. चूक. सुभानजी एक पाऊलही थांबला नव्हता. जे आधी करायचं ते त्यानं आधी केलं, खांद्यात बाण असताना.

खांदा बरा झाला. बाळ मोठं झालं, तांबडीवर बसू लागलं. सगळी सुखात राहिली.

तुम्हीही दिवसभर उंडारलात. अंग तापलंय. आता गप पडा, निवू द्या. मिटा डोळे.