खालून आलेलं उत्तर

फार जुनी गोष्ट. एका बर्फाळ डोंगरावर दातेरी रुळावरून आगगाडी चढायची. इंजिनाचं दातेरी चाक प्रत्येक दाताशी रुळाला विचारायचं, "आहेस ना?" रूळ म्हणायचा, "आहे." मगच चाक पुढचा दात धरायचं.

इंजिन वैतागायचं. "चाळीस वर्षं तेच उत्तर! विचारतंस कशाला?"

एके दिवशी धुकं इतकं दाटलं, की समोरचा पूल दिसेना. चाकाने विचारलं, "आहेस ना?"

"आहे."

चाक जागीच थांबलं.

"आहे म्हणाला ना? मग चल की!" इंजिन खेकसलं.

"म्हणाला," चाक हळूच बोललं, "पण आवाज खालून आला. दरीतून."

धुकं विरलं. कोसळलेल्या बर्फाने पूल नेला होता. खोल दरीत पडलेला रूळ अजूनही इमानाने सांगत होता, "आहे... आहे."