चार ओळी करडई

एका गावात एक शेतकरीण राहायची. तिला प्रश्न फार पडायचे. "पावसात चिमण्या झोपतात तरी कुठे?" असं ती भर बाजारात विचारायची आणि लोक हात जोडायचे. गोठ्यात मात्र तिच्या एकच बैल. दुसरा दर पेरणीला शेजाऱ्याकडून मागून आणायचा, आणि शेजारी तो द्यायचा स्वतःचं रान पेरून झाल्यावर.

त्या गावाची रीत अशी, की रानभर जोंधळा पेरायचा आणि कडेनं चार ओळी करडईच्या. करडईला काटे असतात ना, म्हणून गुरं आत शिरत नाहीत.

एका साली राजानं दवंडी पिटवली, "जो करडई पेरेल, त्याला बिघ्यामागे पाच रुपये अनुदान!" पाहणीला राजधानीहून घोड्यावर बसून एक कारकून आला. बिचाऱ्याला जोंधळा माहीत होता तो फक्त भाकरीतला! पिकं तेव्हा जेमतेम वीतभर होती. जोडे मातीत भरतील म्हणून तो घोड्यावरून उतरेचना.

"हे काय पेरलंय?" त्यानं रस्त्यावरूनच विचारलं.

"करडई, सरकार," शेजारी म्हणाला.

"आणि आत?"

"आत काय वेगळं असणार?"

कारकुनानं लिहिलं, पाच बिघे करडई, आणि पंचवीस रुपये मोजून दिले. मग काय, सगळ्या गावानं तेच सांगितलं.

शेतकरणीची पाळी आली तेव्हा शेजारी तिच्या कानाशी लागला. "करडई म्हण. तुझेही पाचच बिघे, पंचवीस रुपयांत बैल येतो."

बैल तिला हवाच होता हो! 'करडई' ओठांवर आलंही, पण त्याआधी प्रश्नच बाहेर पडला.

"सरकार, राजाला एवढी करडई कशाला हवी?"

"राज्यात तेल कमी पडतंय. इथं किती निघेल ते कळलं, की बाकीचं बाहेरून मागवता येईल."

"अगंबाई! मग चार ओळींतून पाच बिघ्यांचं तेल निघणार कसं? आत जोंधळा आहे, सरकार. उतरा, दाखवते."

कारकून कुरकुरत उतरला. आत खरंच जोंधळा! त्यानं तसं लिहिलं आणि चार ओळींचा म्हणून तिच्या हातावर एकच रुपया ठेवला. मग त्यानं मागच्या रानांकडे पाहिलं, माखलेल्या जोड्यांकडे पाहिलं, आणि घोड्यावर बसून निघून गेला. एवढी रानं आता कोण तुडवणार?

गाव तिला पोट धरून हसलं. त्या दिवशी ती घरी जाऊन रडली.

थंडीत जोंधळ्यावर कीड पडली. पानं चिकट झाली, कणसं पोचट राहिली. गावात कुणाच्याच घरी मूठभर दाणा आला नाही. राजा भला होता. ज्याचा जोंधळा गेला, त्याला वर्षाचं धान्य द्यायचं त्यानं ठरवलं. तोच कारकून गाड्या घेऊन आला. वही उघडली, तर तिच्यात जोंधळ्यापुढे नाव एकच, शेतकरणीचं.

"सरकार, आमचाही जोंधळा गेला!" शेजारी ओरडला. "पोरं काय खातील?"

"तुमच्याकडे जोंधळा होताच कुठे? पाच बिघे करडई ना? बरी आठवण झाली. ती घाण्यावर कधी आणताय? राजा वाट बघतोय."

शेवटी शेजाऱ्यानं मान खाली घालून खरं ते सांगितलं.

"पण सरकार," शेतकरणीनं विचारलं, "तुम्ही तरी तेव्हा खाली का नाही उतरलात?"

कारकून ओशाळला. त्या दिवशी त्यानं सगळी रानं पायी तुडवली. खोटं अनुदान परत फेडल्यावरच इतरांना धान्य मिळेल, असं ठरलं. कुणी गाडी विकली, कुणी बायकोच्या पाटल्या. त्यात महिना गेला.

तो महिनाभर सगळ्या गावानं भाकरी खाल्ली ती शेतकरणीच्या धान्याची.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: सरकारी वहीत आपण जे खोटं लिहवून घेतो, तेच अडचणीच्या दिवशी खरं धरलं जातं.