ऐसपैस शंख

त्या किनाऱ्यावर घर कुणाच्याच मालकीचं नव्हतं. खेकडे जन्माला येत ते मऊ, उघड्या पाठीने. मिळेल त्या रिकाम्या शंखात पाठ लपवायची आणि अंग वाढलं की दुसरा शोधायचा, असा रिवाज होता. समुद्राने मोठा शंख आणून टाकला की सगळे आकाराप्रमाणे रांग लावत. पहिला नव्या शंखात शिरे, त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्या जुन्यात तिसरा. एका शंखात तीस जणांचं भागे.

यमनी रांगेत दुसरी होती. तिच्या पोटाशी अंडी होती आणि शंख इतका आवळत होता की पंधरा दिवसांत अंडी चिरडली असती. पुढे फक्त भिकूकाका होते. ते हलले की तिची सोय लागणार होती.

गुलाबी काठाचा भला मोठा शंख आला, त्याच सकाळी उत्तरेच्या किनाऱ्यावरून एक खेकडी आली. तिला सगळे पाहुणीबाई म्हणू लागले. तिने भिकूकाकांपुढे सुकटीची पुडी ठेवली. इथे सगळे शेवाळावर जगत, सुकट सणालाही दिसत नसे. काकांनी ती जागच्या जागी फस्त केली आणि ते बाजूला झाले. नव्या शंखात पाहुणीबाई शिरली.

"काका, मग माझं काय?" यमनीने विचारलं.

"अगं, येईल की दुसरा," काका मिशा पुसत म्हणाले.

दुसरा आला नाही. पाहुणीबाई दारात पाय पसरून ऊन खाई. चिमूटभर सुकटीत आठवड्याचं शेवाळ घरपोच येई. "इथे जगायला लागतं तरी काय!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे आणि यमनीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पाहुणीबाईचा शंख मागून अर्धा रिकामाच असतो हे कळल्यापासून तर तिला घास गोड लागेना. सुकट नको होती तिला. ती मागची मोकळी जागा हवी होती.

शेवटी ती भांडायलाच गेली. पाहुणीबाईने आपुलकीने आत बोलावलं.

"तिकडे मी बाटलीच्या बुचात राहत होते हो," ती म्हणाली. "ही सुकट तिकडे वाळूत पडलेली असते, तिला कोण विचारतं? तुम्हीही खडकापलीकडे जा ना. तिथे म्हणे शेवाळसुद्धा उगवत नाही."

बुचाचं ऐकून यमनीला दया यायला हवी होती. ती आली नाही. या बयेला सुटायची वाट सापडली आणि आपल्याला नाही, एवढंच तिला सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने शेवाळाच्या चार जुड्या बांधल्या आणि खडक ओलांडला.

पलीकडच्या खाडीत ओलं हिरवं शेवाळ पाहून खेकड्यांनी तोंडात नांग्या घातल्या. दोनच जुड्यांत यमनीला गुळगुळीत, ऐसपैस शंख मिळाला. कितीतरी दिवसांनी तिने अंग सैल सोडलं. अंडी सुखरूप होती.

सकाळी दारावर टकटक झाली. अंड्यांनी फुगलेली एक खेकडी नांगीने दाराची रुंदी मोजत होती. तिच्यामागे आकाराप्रमाणे रांग लावून बाकीचे सगळे उभे होते. सगळे आत बघत होते.

यमनी हसली, तिने दार ओढून घेतलं आणि टकटक ऐकू येणार नाही इतकी मागे सरकली. मागे जागा बरीच होती.