पाणोबाचा चौथरा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की नदीवर पूल बांधता येतो असं कोणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. लहान असाल तर जरा पुढे सरकून बसा. थोर असाल तर उगाच माना डोलावू नका, कारण ह्या गोष्टीतली चूक लहानांनी केलेली नाही.

एका राज्याच्या अगदी टोकाला एक नदी होती. अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं गाव. जायचं-यायचं ते नावेतून. नाव चालवायचा हैबती नावाडी आणि काठावरचं सगळं बघायची त्याची बायको गोजरा. कोणाला आधी चढवायचं, कोणाचं ओझं मधोमध ठेवायचं, चुळबुळ्या माणसाला कुठे दाबून बसवायचं, हे सगळं तिच्याकडे.

घाटाच्या पायथ्याशी, ऐन पात्रात, एक उभा दगड होता. माणसाएवढा उंच. त्यावर पाय, कंबर, छाती आणि डोकं कोरलेलं. तो कोणी रोवला, कधी रोवला, कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला पाणोबा म्हणायचे. पाणी पाणोबाच्या अंगावर कुठवर चढलंय ते बघायचं आणि मगच नाव सोडायची, असा त्या गावचा रिवाज. पोर बोबडं बोलायला लागलं, की आधी हेच शिकायचं: पाय भिजले तर चला, कंबर भिजली तर थांबा, छाती भिजली तर नाव बांधा. हा रिवाज पाळून गावाची एकही नाव कधी बुडाली नव्हती.

पण हळूहळू पाणोबाचा देव झाला. आता देव झाला म्हटल्यावर नारळ आला, शेंदूर आला आणि मायाही आली. दर पावसाळ्यात पाणोबा नाकातोंडापर्यंत बुडायचा आणि बायाबापड्यांचा जीव कळवळायचा.

"आपण कोरड्या घरात निजतो आणि आपला देव गटांगळ्या खातो. बरं दिसतं का हे?" एकदा गावचे पाटील म्हणाले. पाटील मनाने फार चांगले. मला तर बाबा चांगल्या मनाच्या माणसांचीच जास्त धास्ती वाटते. वाईट माणसाला निदान कोणीतरी आडवं जातं.

झालं. उन्हाळ्यात नदी आटली, तसा अख्खा गाव कामाला लागला. पाणोबा होता त्याच जागी चांगला माणूसभर उंचीचा चौथरा बांधला. वाजतगाजत देवाला वर बसवलं. गोजराने स्वतः डोक्यावरून दगड वाहिले आणि मान दुखेपर्यंत वाहिले. सगळ्यांना कसं धन्य धन्य वाटलं. देव वर गेला तो अंगावरच्या खुणांसकट वर गेला, एवढं मात्र एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

पुढे श्रावण आला. गोजराची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण ठणठणीत होती. मैनाचं सासर पलीकडच्या गावात. तिथे बाळाला पाळण्यात घालायचा बेत ठरला होता, पाहुणे जमले होते, जेवणं शिजत होती. इकडून पाटील आणि गावची चार जाणती माणसंही निघाली होती. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं.

गोजरा घाटावर आली आणि वरच्या पायरीवरच थबकली. का, ते तिचं तिलाच कळेना.

पाणी गढूळ होतं. पाण्यावर फेस होता. त्यातून सुकलेल्या काटक्या, गवताच्या पेंढ्या, कोणाच्या तरी कुंपणाचा तुकडा असं काय काय वाहत येत होतं. इथे ऊन असलं, तरी वर डोंगरात पाऊस कोसळत असणार. ती रोज धुणं धुवायची तो दगड दिसतच नव्हता. काठावरच्या उंबराची मुळं पाण्याखाली गेली होती. तिने पाणोबाकडे पाहिलं. पाणोबाचे तर तळवेसुद्धा भिजले नव्हते.

"अहो, ऐकता का," ती हैबतीला म्हणाली, "आज नदी मला बरी दिसत नाही."

"देव तर कोरडा आहे."

"उंबराची मुळं बुडालीत."

हैबतीने उंबराकडे पाहिलं, मग पाणोबाकडे पाहिलं, आणि त्याच्याही कपाळाला आठी पडली. पण माणसं खोळंबली होती. "असं बघ, आपला बापजाद्यांचा नियम आहे. पाय भिजले तर चला. इथे पायही भिजले नाहीत. तुझ्या जिवाला घोर लागला म्हणून नाव बांधून ठेवली, तर पावसाळाभर सोडायलाच नको."

गोजरा नावेकडे वळली. खोटं कुठे बोलत होता तो? पण तिचे हात काही स्वस्थ बसेनात. तिने मैनाला नावेत मधोमध बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. बाळाची कुंची नीट केली. नीटच होती, तरी केली.

"आई, किती घाबरशील?" मैना हसून म्हणाली. "पलीकडे सगळी वाट बघतायत."

"गोजरे," पाटील नावेतूनच म्हणाले, "शुभ कामाला निघताना तोंडातून काही वावगं काढू नये. देवावर भरवसा ठेव. त्याच्यासाठी एवढा चौथरा बांधला, तो काय आपल्याला बुडवील?"

गोजराला शरमल्यासारखं झालं. देवावर संशय घेणारी मी कोण? नातवाच्या आनंदात अपशकुन करणारी मी कोण? तिने हात जोडून पाणोबाकडे पाहिलं. देवाच्या पायाखाली चौथऱ्याची खालची रांग पाण्यात होती, तिच्या वरची रांगही पाण्यात होती, आणि आता अगदी वरच्या रांगेशी पाणी चुळचुळ करत होतं. ते दगड तिच्या ओळखीचे होते. तिनेच वाहिले होते ते.

आणि मग तिला उमगलं. देव कोरडा आहे, कारण आम्ही त्याला उचलून वर ठेवलंय. नदीला कोणी उचलून खाली ठेवलं?

"थांबा. नाव सोडू नका," ती म्हणाली. "देव खोटं सांगतोय. नाही, आपण त्याला खोटं सांगायला लावलंय."

नावेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाईचं डोकं फिरलं, असं कोणीतरी पुटपुटलंही. हैबती दोर सोडायला वाकलाच होता. आता ह्यांना समजावत बसलं, तर समजेपर्यंत नाव मधल्या धारेला लागलेली असेल, हे गोजराने ओळखलं.

उंबराच्या फांदीला जादाचा दोर टांगलेला असायचा. तो तिने काढला, एक टोक बुंध्याला आवळलं, दुसरं कमरेला बांधलं. नावाड्याची बायको ती, दोराशिवाय पाण्यात पाऊल टाकणारी नव्हे. आणि चौथऱ्याच्या दगडांना धरून ती एकेक पायरी पाण्यात उतरू लागली.

गुडघे गेले. कंबर गेली. पाणी असं ओढत होतं, की बोटं दगडातून निसटत होती. पायाखालची वाळू सरकत होती. शेवटी चौथऱ्याच्या बुडाशी, जिथे पूर्वी पाणोबा उभा असायचा, तिथे तिचे पाय टेकले. पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. फेस तोंडात जात होता. तिला पोटातून भीती वाटत होती, आणि ती भीती तिच्या तोंडावर सगळ्यांना दिसत होती.

"मी पाणोबाएवढीच उंच आहे," ती कशीबशी म्हणाली. "तो इथे उभा असायचा. बघा माझ्याकडे आणि सांगा, नाव सोडायची का बांधायची?"

सगळ्यांनी पाहिलं. वर देवाचे तळवे कोरडे होते आणि खाली त्याच जागी एक बाई गळ्यापर्यंत बुडाली होती. पोरपणी पाठ केलेला नियम प्रत्येकाला आठवला. छाती कधीच भिजून गेली होती.

पहिल्यांदा पाटील उठले. मैनाच्या हातातून त्यांनी बाळ घेतलं आणि काठावर उतरले. त्यांच्यामागून बाकीचेही उतरले. हैबतीने नाव पुन्हा खुंट्याला करकचून बांधली, धावत जाऊन दोर धरला आणि बायकोला वर ओढून घेतलं. तिला धाप लागली होती. त्याने तिच्या डोक्यावरून स्वतःचं उपरणं पांघरलं.

माणसं घाट चढून वर पोचतात न पोचतात, तोच डोंगराकडून गडगडत पाण्याचा लोंढा आला. त्याच्यापुढे एक अख्खं झाड मुळांसकट लोळत आलं. नाव, नावेचा खुंटा, घाटाच्या खालच्या पायऱ्या, सगळं त्याने एका दणक्यात नेलं. पलीकडच्या काठावर तिच्या सासरची माणसं छाती पिटताना दिसत होती, कारण नाव रिकामी होती हे त्यांना तिथून कळत नव्हतं. मग हैबतीने बाळाला दोन्ही हातांत उंच धरलं, तेव्हा कुठे तो आकांत थांबला.

चौथरा मात्र टिकला. पाणी उतरलं, तसे पाटील स्वतः पहार घेऊन आले आणि चौथरा फोडायला लागले. एका म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आलं. "पाटील, देव पुन्हा बुडेल हो," ती म्हणाली.

पाटलांनी पहार खाली टेकवली. त्यांनी गोजराकडे पाहिलं.

"बुडू दे, आजी," गोजरा म्हणाली. "तो बुडतो म्हणून आपण तरतो."

तर मंडळी, बोध एवढाच: खूण वर सरकवली म्हणून पाणी खाली जात नाही.