डब्यावरचे ओरखडे

एकदा एका शिष्याने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या वडिलांसाठी विजेची घंटा तयार केली. घरात दोघेच. वडिलांना अर्धांगवायू झालेला. उजवा हात गेला होता, डाव्यात जेमतेम जोर उरला होता आणि आवाज खोलीबाहेर पोहोचत नव्हता. म्हणून वडिलांच्या हाताशी बटणाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा, आणि मागच्या खोलीत, जिथे हा दिवसभर काम करीत बसे, तिथे घंटा. काही लागले तर त्यांनी बटण दाबावे आणि मुलाने धावत यावे, इतकी साधी योजना.

आतली जोडणी एका बैठकीत झाली. ही विद्या त्याला एका वृद्ध गुरुजींनी शिकवली होती, त्यामुळे तिथे चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. डब्यात मात्र त्याचा जीव अडकला. हौशी माणसाचे हे असेच असते. काम संपले की त्याचे खरे काम सुरू होते! झाकणावर चिकटपट्टी लावून त्याने खुणा केल्या, आधी बारीक भोक पाडले, मग मोठे केले, कानशीने कडा घासल्या, ओल्या पॉलिश पेपरने अंग गुळगुळीत केले. बटण असे बसवले की ते झाकणाच्या पातळीत अगदी मिळून गेले. वरून हात फिरवला तरी कुठे अडत नव्हता. बाजारातल्या वस्तूने मान खाली घालावी असा डबा झाला.

घंटा मात्र वडिलांकडून कधी वाजली नाही. तो स्वतः दाबून बघे तेव्हा ती खणखणीत वाजे. संध्याकाळी तो विचारी, "बाबा, काही लागलं होतं का?" वडील नकारार्थी मान हलवीत. शिष्य निश्चिंत झाला. "आमच्या बाबांचा म्हणून काही त्रास नाही," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगू लागला.

काही महिन्यांनी गुरुजी वडिलांना भेटायला आले. त्यांना डबा दाखवण्याआधी शिष्याने सवयीने फडके आणि पॉलिश हाती घेतले.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "हे ओरखडे कसले?"

"कोण जाणे, गुरुजी. दर आठवड्याला उमटलेले असतात. मी घासून काढतो."

गुरुजींनी डबा उजेडात धरला. बटणाभोवती बारीक रेघाच रेघा होत्या. त्यांनी वडिलांचा डावा हात उचलला, नखे पाहिली आणि हात हळूच खाली ठेवला. मग त्यांनी शिष्याचे ड्रिल मागवून घेतले, त्या आरशासारख्या झाकणाला वेडेवाकडे मोठे भोक पाडले आणि त्याच्याच सामानातले स्कूटरच्या हॉर्नचे जाडजूड बटण त्यात बसवले. ते चांगले बोटभर वर आले होते. शिष्य झटकन पुढे झाला.

"गुरुजी, हे काय केलंत!"

"विद्रूप केला, दुसरं काय," गुरुजी शांतपणे म्हणाले. "बाळा, तू बॅटरीचं माप घेतलंस, स्क्रूचं घेतलंस. ज्या हातानं दाबायचं, त्या हाताचं घ्यायचं राहून गेलं. तुझं बोट धडधाकट आहे. यांचं बोट त्या गुळगुळीत झाकणावरून घसरतं, मग ते नखांनी बटण शोधत राहतात. हे सगळे ओरखडे म्हणजे त्यांनी तुला मारलेल्या हाका. त्या तू घासून काढल्यास."

"पण मी रोज विचारत होतो. बाबा बोलले का नाहीत?"

"मुलानं एवढ्या हौसेनं केलेल्या वस्तूला कुठला बाप नावं ठेवील?"

शिष्याला वडिलांकडे बघवेना. त्यांना कधी तहान लागली असेल, कूस बदलायची असेल, कधी नुसतेच एकटे वाटले असेल. आणि हा भिंतीपलीकडे बसून त्या शांततेचे कौतुक करीत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. ते महिने आता परत मिळणार नव्हते.

गुरुजी गेले. शिष्य कामाला बसला, पण हात चालेना. थोड्या वेळाने घंटा वाजली. तो धावतच गेला.

"काय हवंय, बाबा?"

वडिलांचे शब्द जड होते, सावकाश येत.

"काही नाही," ते म्हणाले. "येतोस का, बघितलं."

शिष्य त्यांच्या उशाशी बसला. त्या दिवशी तो पुन्हा कामाला गेला नाही.