चाळीस गुंडाळ्या

एकदा एक शिष्या सहा, नऊ आणि सात या तीन आकड्यांनी पुरती हैराण झाली होती.

तिचे गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले. तिथली रीत अशी, की हरभऱ्याच्या सुगीनंतर प्रत्येक घराने आपल्या वाट्याचे बी गावाच्या सामाईक कणगीत आणून ओतायचे. त्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते पेरणीपर्यंत राखायचे काम एका वृद्ध बीजपालाकडे होते. ती त्याचीच शिष्या. पेरणीआधी गाव जमे आणि बीजपाल एकच गोष्ट सांगे : दहा दाण्यांतले किती उगवतील. त्यावरून पेर दाट करायची की विरळ, हे ठरे. आकडा फुगवून सांगितला, तर विरळ पेरलेल्या शेतांत रोपांच्या ओळी मध्येच तुटत. कमी सांगितला, तर दाट पेरता पेरता कणगी रिकामी होई आणि सर्वांत शेवटी पेरली जाणारी पैलतीरावरची राने पडीक राहत. पैलतीरावर शिष्येचे माहेर होते.

यंदा वृद्धाने सांगून टाकले होते, की आकडा ती सांगेल.

तिने रीतीप्रमाणे ओल्या गोणपाटात दहा दाणे गुंडाळले आणि पाच दिवसांनी उघडले. सहा उगवले होते. विश्वास बसेना म्हणून पुन्हा दहा घेतले, तर नऊ. तिसऱ्या खेपेला सात. तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. कणगी तीच, पाणी तेच, मग उत्तर का बदलते? आपल्या हातालाच काही दोष आहे का? शेवटी तिने नऊ हा आकडा पक्का केला. त्या खेपेला आपण सर्वांत जास्त काळजी घेतली होती, असे तिला आता स्पष्ट आठवू लागले होते. मनाला हवे ते आठवायला वेळ लागत नाही.

"आबा, नऊ," ती म्हणाली.

"गोणपाटाचे तुकडे तर तीन वाळत पडलेत," वृद्ध म्हणाला.

"ते दोन चुकले. माझा हात चुकला."

वृद्धाने कोपऱ्यातले जुने गोणपाट तिच्यापुढे टाकले. "चाळीस गुंडाळ्या कर. एकेकीत दहा दाणे. कणगीत वर-खाली, कडेला, मधे, सगळीकडे हात घाल. आणि दाणे निवडू नकोस, येतील ते घे."

"चाळीस? अहो आबा, गाव आठ दिवसांवर जमणार आहे!"

"म्हणून तर आजच कर."

ते पाच दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दिवसातून दहा वेळा ती ओसरीवर जाई, गोणपाटावर पाणी शिंपडे, पुन्हा येई. तिसऱ्या दिवशी न राहवून तिने एक गुंडाळी उलगडलीच. वृद्धाने पाहिले. "बघून कोंब लवकर येत नाही गं. गोणपाट मात्र वाळतं," तो म्हणाला. तिला ओशाळल्यासारखे झाले.

पाचव्या दिवशी वृद्धाने सारवलेल्या अंगणात चुन्याची एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत खुणा केल्या. जी गुंडाळी उघडेल तिचे कोंब मोजायचे आणि त्या खुणेवर एक चिंचोका ठेवायचा. खुणेवर आधीच चिंचोका असेल, तर त्याच्या वरच्या अंगाला मांडायचा.

"यापेक्षा सगळे कोंब एकत्र मोजू या ना," ती चिडून म्हणाली.

"तेही मोजू. आधी मांड."

आठ, सात, सात, नऊ, सहा. मग एका गुंडाळीत चारच कोंब निघाले. तिने चिंचोका मुठीतच ठेवला.

"मूठ उघड," वृद्ध म्हणाला.

"आबा, हा बघून लोक घाबरतील."

"लोक नाही, तू घाबरलीस. ठेव तो चारवर."

तिने ठेवला. चाळीस चिंचोके मांडून झाले, तेव्हा सात आणि आठ यांच्यावर उंच रास उभी होती. ती दोन्ही बाजूंना उतरत गेली होती. एका टोकाला एकटा चार आणि दुसऱ्या टोकाला दोन दहा. तिचे जुने सहा, नऊ आणि सातही या राशीत सहज बसत होते.

वृद्ध तिच्याशेजारी बसला. "ही रास दाण्यांची नव्हे, दहा-दहा दाण्यांच्या तुझ्या मुठींची आहे. दाण्याला दोनच गोष्टी ठाऊक, उगवणं किंवा कुजणं. मूठ मात्र दर वेळी वेगळं सांगते, आणि तरी सगळ्या मुठी मिळून एका जागेभोवतीच फिरतात. तुझा सहा खोटा नव्हता, नऊही खोटा नव्हता. त्यातला एक पकडून बाकीचे लपवणं, तेवढंच खोटं होतं. आता चार-चार गुंडाळ्या एकत्र कर आणि पुन्हा मांड."

तिने दहा गट केले आणि प्रत्येक गटाची सरासरी मांडली. आता एकही गट सहाच्या खाली गेला नाही की नऊच्या वर चढला नाही. रास निम्म्याने आकसली होती.

"दाणे चौपट घेतले, तर भटकणं निम्मं होतं," वृद्ध म्हणाला. "संपत मात्र नाही."

पुढचा हिशेब तिने स्वतःच केला. चारशे दाण्यांत दोनशे शहाण्णव उगवले होते, म्हणजे दहात साडेसातला किंचित कमी.

गाव जमले, तेव्हा ती उभी राहिली. "दहात साडेसात धरून पेरा."

"नक्की साडेसात?" पैलतीरावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले. तो तिचा सख्खा चुलता होता.

पूर्वीची ती असती, तर 'नक्की' म्हणून मोकळी झाली असती. "नाही काका," ती म्हणाली. "अर्धा दाणा इकडे-तिकडे होऊ शकतो. तेवढ्या चुकीपुरतं बी मी बाजूला काढलंय. पैलतीराची पेरणी होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही."

त्या वर्षी बी धरल्यापेक्षा थोडे जास्त लागले. कणगी रिकामी झाली, तेव्हा पैलतीरावरची शेवटची तीन राने शिल्लक होती. ती त्या बाजूला काढलेल्या बियाण्यावर पेरली गेली.

संख्याशास्त्राच्या वर्गात आपल्या नमुन्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे आले म्हणून खोडरबर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे : खोडू नकोस, सगळ्यांच्या उत्तरांशेजारी मांड.